पुढचे दोन फूट

आमचं काम सोपं आहे. ज्याच्याकडे ट्रकभर माल नाही त्यानं चार फूट घ्यायचे, उरलेले दुसऱ्यांनी. ट्रकच्या फळ्यांवर खडूनं रेघा मारून मी जागा वाटून देतो. शेवटी उतरणारा माल सगळ्यात आत, आधी उतरणारा दाराशी. कुणाचं खोकं कुठे बसेल हे मला टेप न लावता कळतं. हा माणूस सावलीसुद्धा फुटावर विकेल, असं हमाल माझ्या तोंडावर म्हणतात.

फक्त एका ट्रकमध्ये आमचा म्हातारा मुकादम पुढचे, म्हणजे केबिनच्या भिंतीला लागून असलेले, दोन फूट भरू द्यायचा नाही. का, विचारलं की म्हणायचा, "ती जागा गेलेली आहे." कुणाला, ते सांगायचा नाही. वयाकडे बघून मी गप्प बसायचो.

गेल्या महिन्यात त्याचे गुडघे धरले आणि तो घरी बसला. सोमवारी शिलाई मशीनवाल्याची चार खोकी अडली होती. मी त्या दोन फुटांत रेघ मारली, खोक्यांवर खडूनं आकडे घातले. हमाल एकमेकांकडे बघायला लागले, तसा मी उखडलो. बघताय काय, उचला म्हटलं.

तो ट्रक माझा धाकटा भाऊ चालवतो. वडील गेले तेव्हा तो सहा वर्षांचा होता, त्याला मीच लहानाचा मोठा केला. पुढच्या महिन्यात त्याचं लग्न आहे. मागच्या दाराला मी स्वतः सील लावलं, नंबर वहीत टिपला. नेहमीसारखा दोनदा हॉर्न देऊन तो निघाला.

अकरा वाजता, पहिल्या थांब्याच्या आधीच, त्याचा फोन आला.

"दादा, माझ्याबरोबर कुणाला पाठवलंयस?"

कुणालाच नाही म्हटलं. तो आवाज एकदम खाली आणून म्हणाला, "हा म्हणतो, मागची जागा तू दुसऱ्याला दिलीस. म्हणून पुढे येऊन बसलाय."

मी भडकलो. लग्नाच्या तोंडावर असले चाळे शोभतात का, गाडी बाजूला घे, असेल त्याला उतरव, असं सुनावलं.

"उतरत नाही," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

मग लागलाच नाही. शेवटी मुकादमाला फोन केला. त्यानं एवढंच विचारलं, "जागा भरलीस का रे?" मी हो म्हटल्यावर त्यानं फोन ठेवला.

चारच्या सुमारास फाटकाबाहेर दोनदा हॉर्न वाजला. माझा जीव भांड्यात पडला. ट्रक आत आला, नेहमीच्या जागी उभा राहिला. तोंडभर शिव्या घेऊनच मी केबिनचं दार उघडलं.

आत कुणी नव्हतं.

इंजिन चालू होतं. पायापाशी धाकट्याच्या चपला होत्या. शेजारच्या सीटवर शिलाई मशीनची ती चार खोकी, एकावर एक, नीट रचलेली. त्यांच्यावर माझ्याच हातचे खडूचे आकडे होते.

मी इंजिन बंद केलं, चावी खिशात टाकली आणि मागे धावलो.

सील शाबूत होतं. नंबर माझाच.

ते तोडून आम्ही माल उतरवायला घेतला. मीही खोकी उचलत होतो. शेवटची रांग निघाली.

दोन फुटांत धाकटा बसला होता. गुडघे छातीशी, पाठ भिंतीला. अंगावर सकाळचाच शर्ट.

त्यानं पापणी लववली. जिवंत होता.

मी हात पुढे केला. त्यानं तो धरला नाही.

"दादा, माल परत लावून घे," तो हळूच म्हणाला. "त्याला निघायचंय."

पुढे इंजिन सुरू झालं.

मी खिशात हात घातला. चावी तिथेच होती.