सियु-मोईच्या पाठीवरचं बाळ

आमच्या घराण्याची वंशावळ नव्याने छापायची ठरली आणि ते काम माझ्याकडे आलं. मी शाळेतून निवृत्त झालेली, अक्षर बरं, हाताशी वेळही होता. या खेपेला पहिल्यांदाच मुलींचीही नावं घालायची होती. म्हणून नवं वर्ष पंधरा दिवसांवर असताना, एका दुपारी, मी स्कूटर काढून मेईनोंग गावी फुंग-मोई आत्याकडे गेले.

आत्या त्र्याऐंशीची. तंबाखू सुकवायच्या जुन्या भट्टीला लागूनच तिची खोली आहे. गावात तंबाखू लावणं बंद होऊन कैक वर्षं झाली, तरी त्या भिंतींना तो कडवट-गोडूस वास अजून आहे. मागून कालवा वाहतो. बोलणं थांबलं की त्याचाच आवाज खोलीत येऊन बसतो.

मी आमच्या घरातला एक फोटो बरोबर नेला होता. एकोणपन्नास सालच्या नववर्षाचा. आजोबा, आजी, आजीची बाही धरून उभी असलेली सात वर्षांची आत्या, आणि तिच्या शेजारी एक भोक. लहानपणी विचारलं की आजी म्हणायची, वाळवी लागली. पण वाळवी इतकं सरळ, कात्रीने कापल्यासारखं खात नाही.

"आत्या, इथे कोण होतं?"

आत्या शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले.

"तुझ्या बाबांना विचारलंस?"

"त्यांना काहीच ठाऊक नाही."

"बरं आहे."

ती उठली, पेटीच्या तळातून लाल कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून तिने माझ्या मांडीवर ठेवलं. तोच फोटो, पण अख्खा. भोकाच्या जागी नऊएक वर्षांची मुलगी होती, आणि तिच्या पाठीला कापडाने घट्ट बांधलेलं तान्हं बाळ. फोटो काढताना मुलगी हलली असावी, तिचा चेहरा पुसट आला होता. बाळ मात्र स्पष्ट होतं.

"सियु-मोई. आमची थोरली. आणि पाठीवर तुझा बाप."

"मग मला कोणी कधी सांगितलं का नाही?"

"सांगण्यासारखं काय होतं, लान? पोर लग्नाआधीच गेली. तिच्या नावाला घरच्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यात कुठे जागा असते?"

फोटोनंतर दोन महिन्यांनी सियु-मोई रताळ्याचा पाला धुवायला कालव्यावर गेली. बाळ पाठीवर होतं. पाय घसरला. संध्याकाळी खाली, पाणी अडवायच्या फळीपाशी ती सापडली.

"कापड तसंच बांधलेलं होतं," आत्या म्हणाली. "गाठ सुटलेली नव्हती. पण आत बाळ नव्हतं."

"आणि बाबा?"

"वर काठावर. गवतात बसलेला." तिने आवाज आणखी खाली आणला. "कोरडा… अंगावर पाण्याचा थेंब नाही. लोक म्हणाले, पोरीने मरता मरता भावाला वर टाकलं."

"तुला काय वाटलं?"

"मी सात वर्षांची. मला कोण विचारतंय?" ती पुन्हा शेंगा सोलायला लागली. "आधी फार किरकिरा होता गं तो. सगळं घर जागं ठेवायचा. त्या दिवसापासून कधी रडला नाही."

मी हातातले दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले.

"आजीने तिला कापलं ते कळलं. पण बाबांनाही का कापलं?"

"पाठीवरचं पोर वेगळं कसं कापणार?" आत्या म्हणाली, पण माझ्याकडे बघितलं नाही. निघताना तिने माझं मनगट धरलं. "तिला जागा करून दे, पोरी. शहात्तर वर्षं उंबऱ्याबाहेर उभी आहे."

लग्नाआधी गेलेल्या अशा मुलींच्या नावाची पाटी लावायला डोंगरात एक लहान देऊळ आहे. पुढच्या रविवारी मी जायला निघाले. बाबांना एवढंच सांगितलं की तुम्हाला एक मोठी बहीण होती. ते जेवत होते. घास संपवून म्हणाले, "मी येतो. पण आत येणार नाही."

ते पायऱ्यांखाली गाडीतच बसले, काच लावून. वर सत्तरएक पायऱ्या. आत उदबत्त्यांचा दाट धूर, भिंतभर नावांच्या लाकडी पाट्या, आणि देऊळ सांभाळणारी एक ठेंगणी म्हातारी. मी सियु-मोईचं नाव आणि जन्मसाल सांगितलं. तिने भाताची वाटी ठेवली, नाव पुटपुटली आणि इथे राहशील का, असा कौल लावला. दोन लाकडी चंद्रकोरी फरशीवर पडल्या. नाही. पुन्हा टाकल्या. नाही. सात वेळा नाही.

म्हातारी माझ्या खांद्याच्या मागे कुठेतरी टक लावून बघत राहिली. मग आत गेली, आणखी एक वाटी आणली; अगदी लहान, पेजेची. ती पहिल्या वाटीशेजारी ठेवून तिने कौल टाकला. हो. तीनदा टाकला, तिन्ही वेळा हो.

ब्रश शाईत बुडवून ती माझ्या कानाशी आली.

"मोठीचं नाव लिहिते. पाठीवरच्याचं काय लिहू?"

"पाठीवर… कोणी नाही, आजी. ते बाळ वाचलं."

"आहे की. त्याच्यामुळेच तर अडलं होतं."

तेवढ्यात मागून हाक आली. बाबा उंबऱ्यापाशी उभे होते. गुडघे दुखतात म्हणून घरचा जिना टाळणारा माणूस सत्तर पायऱ्या चढून आला होता, आणि त्याला दमही लागलेला नव्हता.

"लान," ते हळूच म्हणाले, "त्याला माझं नाव देऊ नकोस."

म्हातारीने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि ब्रश खाली ठेवला.

वंशावळ छापून झाली. सियु-मोईचं नाव तिच्यात आहे. देवळात तिची पाटीही लागली. तिच्या नावाखाली, पाठीवरच्यासाठी सोडलेली बोटभर जागा कोरी आहे. बाबांची तब्येत उत्तम आहे. ते फारसं बोलत नाहीत. फक्त मी दर पौर्णिमेला देवळातून परत आले, की दारातच मला थांबवतात आणि एकच विचारतात.

"कोरीच आहे ना अजून?"