तीन पिंपांची विहीर

लिवा या मरूद्यानाच्या दक्षिणेला, वाळवंटाच्या अगदी कडेला वसलेल्या एका लहानशा गावातून तीन पिंपं अबुधाबीच्या प्रयोगशाळेत आणायची, हे आमच्या मोहिमेचं काम होतं. वाऱ्याने वर्षभर उडवलेली वाळू त्या निळ्या प्लास्टिकच्या पिंपांत थरावर थर साचली होती. थर न विस्कटता पोचले, तर गावावर सरकत येणारी टेकडी कुठे अडवायची, हे कळणार होतं. दुसरा नमुना नव्हता.

आम्ही तिघे होतो. मोहिमेचे प्रमुख हेमचंद्र सर, पुण्याहून नुकतेच आलेले. गाडीचा चालक जहूर, मूळचा पाकिस्तानातल्या स्वातचा. आणि भूशास्त्राची पदवी घेतलेली मी, आभा. गावात खानावळ चालवणारी हव्वाबी दापोलीकडची. आमची पिंपं बघून ती म्हणाली होती, "पोरी, रेती न्यायला एवढ्या लांब आलीस? आमच्या दारातली पण घेऊन जा की. झाडून झाडून कंबर मोडली माझी."

पिंपं गाडीवर चढवून झाली आणि वायव्येकडून वादळ आलं. गाडी खानावळीच्या भिंतीआड होती. पिंपं बांधायला आणखी दोर हवा म्हणून जहूर मागच्या पत्र्याच्या गोदामात गेला. त्यानंतर काही दिसेनासं झालं. रात्रभर वाळू खिडक्यांवर सडासडा आपटत राहिली.

सकाळी दार उघडेना. आम्ही खिडकीतून बाहेर पडलो. गल्ली नव्हतीच; तिच्या जागी एक गुळगुळीत, पिवळट उतार थेट छपरांपर्यंत चढत गेला होता. माणसं आपापली दारं उकरत होती. गोदामाच्या जागी नुसता उंचवटा होता.

त्या उंचवट्याखालून ठोकल्याचा आवाज आला. जहूर जिवंत होता!

सर फावडं घेऊन वर चढले. मागोमाग मी आणि गावातले दोघे. कोरडी वाळू पाण्यासारखी वागते. एक फावडं काढावं, तर दीड फावडं घसरून खाली येतं. घाम डोळ्यांत उतरत होता. तेवढ्यात खालून जहूरचा दबलेला आवाज आला. "खलास! साब, खलास!"

सरांचा चेहरा पांढरा पडला. हवा संपत आली, तो चालला, असं म्हणत त्यांनी आणखी चौघांना हाका मारून वर घेतलं. फावडी दुप्पट वेगाने चालू लागली.

पायाखाली काहीतरी करकरलं. खालून किंकाळी आली.

मी दुबईत, अल मनखूलमध्ये वाढले. ताटात आमटी जास्त पडायला लागली की आम्ही भावंडं हात आडवा धरून म्हणायचो, खलास. आखातात त्याचा अर्थ, बस, आता पुरे.

"सर, खाली उतरा. सगळे उतरा. तो मरत नाहीये, तो थांबा म्हणतोय. आपण त्याच्या छपरावर उभे आहोत."

सरांनी फावडं खाली सोडलं. मग चार पायांवर रांगत खाली आले.

आता भिंतीलगत सरळ खड्डा खणायला हवा होता. पण ही वाळू चौतीस अंशांपेक्षा जास्त उभी राहत नाही. खड्ड्याला कडी हवीत, विहिरीला असतात तशी. गावात फळ्या होत्या, त्या वाळूखाली. मी गाडीकडे पाहिलं. सरांनीही पाहिलं.

"दुसरं काहीच नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी स्वतः पहिलं पिंप आडवं केलं. वर्षभराची वाळू वाळूवर सांडली आणि क्षणात कुठली कुठली, ते ओळखू येईना. करवतीने आम्ही पिंपांचे तळ आणि माथे कापले. पहिलं उभं ठेवलं, आतून वाळू उपसली, ते खाली सरकलं. त्यावर दुसरं. त्यावर तिसरं. सर्वांत बारीक मी, म्हणून मी उतरले. खांदे दोन्ही बाजूंना घासत होते. वरून कण झरत होते. पिंपाची बाजू कापली, मग पत्रा. भोकातून हात बाहेर आला. गरम, रक्ताने चिकट!

जहूरला दोराने वर ओढलं. वाकलेल्या छपराची तुळई त्याच्या डाव्या पायावर पडली होती. गुडघ्याखाली पाय भलत्याच दिशेला वळला होता.

हव्वाबीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओल्या फडक्याने ओठ पुसले. सर त्याच्याजवळ बसले. छप्पर कधी वाकलं, असं त्यांनी अडखळत हिंदीत विचारलं.

"जब आप और आदमी लाए, साब," जहूर म्हणाला. आवाजात राग नव्हता, ताकदच नव्हती. "मैं बोलता रहा, रुको."

 फोन करून बोलावलेली रुग्णवाहिका हमरस्त्यापर्यंतच येऊ शकत होती, आणि गावातून हमरस्त्याकडे जाणारी वाट वाळूखाली होती. जहूरच्या पायाला कापलेल्या पिंपाची पट्टी बांधून होताच सरांनी फावडं उचललं आणि गावाच्या टोकापासून उकरायला सुरुवात केली. मीही फावडं घेऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. पुढे नजर पोचेपर्यंत रस्त्याचा मागमूस नव्हता.