हिरव्या झग्यातली जाऊ

आमच्या सासूबाईंना चिनी भाषेतलं एक अक्षर कळत नाही, पण एटोबिकोच्या त्या सबंध विंटरमध्ये त्यांनी चिनी राजवाड्यातलं राजकारण मला मराठीत समजावून सांगितलं. साल २०१०. चायनीज ग्रोसरीत डीव्हीडी भाड्याने मिळायच्या, त्याही सबटायटल्सशिवाय. बेसमेंटमधल्या सोफ्यावर मधोमध बसून, मांडीवर दाण्यांची वाटी घेऊन आई बघत बसायच्या. शेजारी मी लाँड्रीच्या घड्या घालायची. बाहेर बर्फ, आत हीटिंग. खोटं कशाला बोलू, मजेत चाललं होतं आमचं.

"ही थोरली राणी," आई सांगायच्या. "मुदपाकखाना हिच्या ताब्यात. आणि ती मागे स्टुलावर, हिरव्या झग्यातली, ती धाकटी जाऊ."

"अहो, सवत असेल."

"जाऊच आहे. बसणं बघ तिचं."

सगळ्या मालिका मेल्या सारख्याच. गादीसाठी विष, मग सूड, मग पश्चात्ताप. एका संध्याकाळी थोरल्या राणीने कुणाच्या तरी वाडग्यात पूड टाकली आणि आईंचा दाण्यांचा हात थांबला.

"मीपण टाकलं होतं," त्या म्हणाल्या. "प्रमिलाच्या आमटीत. मूठभर मीठ. लग्नानंतर तिने रांधलेली पहिली पंगत होती. त्या दिवसापासून स्वयंपाकघर माझंच राहिलं, ती वरकामाला."

प्रमिलाकाकू म्हणजे त्यांची धाकटी जाऊ, पुण्यात अंथरुणाला खिळलेल्या.

"मग फोन करून सांगा ना. अजून त्या आहेत."

"तिला ऐकू कमी येतं गं. माफी काय फोनवर ओरडून मागायची?"

मला रागच आला. माणसं अशी हटून बसतात आणि मग जन्मभर रडतात. मी रोज कॉलिंग कार्ड त्यांच्यापुढे ठेवायची, त्या रोज ते उशीखाली सारायच्या.

पुढच्या डीव्हीडी दुसऱ्याच मालिकेच्या निघाल्या. राजा वेगळा, वाडा वेगळा. हिरव्या झग्यातली मात्र तीच, त्याच स्टुलावर. एकच नटी सगळीकडे काम करत असेल, असं मी धरून चालले. मग लक्षात आलं की ती कधी बोलतच नाही. कॅमेरा हलला तरी ती जागची हलत नाही. आणि तिचं स्टूल दरवेळी थोडं पुढे आलेलं असतं.

शनिवारी माझ्या ऑफिसातली लिन जेवायला आली. ती बीजिंगची. तिला मी खाली नेलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. "हू इज शी?"

"हू?" लिन म्हणाली. "दॅट्स अ पिलर."

निघताना ती "बाय" म्हणाली, तर आईंनी तिला दारातच शिकवलं, जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं. "येते, आंटी," म्हणत लिन हसत गाडीकडे गेली.

आम्ही खाली आलो. डीव्हीडी चालूच होती. राजा नव्हता, राणी नव्हती. हिरवी बाई अगदी जवळ बसली होती, एक कान आमच्याकडे करून.

आई टीव्हीपाशी गेल्या आणि त्या कानाशी वाकल्या.

"प्रमिला, मीठ मी टाकलं होतं. चुकलं माझं."

बाई उठली. पदर सावरावा तसं तिने खांद्यावर काहीतरी सावरलं.

"येते, जाऊबाई."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

वरून नंदनने, माझ्या नवऱ्याने, हाक मारली. पुण्याहून फोन होता. प्रमिलाकाकू गेल्या.

आई मनापासून रडल्या. मग त्यांचा चेहरा हलका झाला.

संध्याकाळी मी नुसता आमटीभात केला. आईंनी आमटीचा पहिला घोट घेतला आणि थांबल्या. माझी तर चांगली लागत होती. मी चमच्याने त्यांच्या वाटीतली चाखली. इतकी खारट की जिभेवर ठेववेना. भांडं एकच होतं, वाढलीही मीच होती.

"टाकून देते," मी म्हटलं.

"राहू दे. बरोबर झालीये."

त्यांनी वाटी संपवली.

सुतक फिटल्यावर आई पुन्हा खाली आल्या. मी डीव्हीडी लावली. पडद्यावरचं स्टूल रिकामं होतं.

आई आज मधोमध बसल्या नाहीत. कडेला सरकून त्यांनी दाण्यांची वाटी सोफ्याच्या मधे ठेवली. चेहऱ्यावर कसं समाधान होतं.

"शुभदा, आवाज जरा वाढव गं," त्या म्हणाल्या. "हिला ऐकू कमी येतं."