मागचे दोन शॉकअप

एरंडोलच्या चहाच्या टपरीसमोर पुनमने गाडी उभी केली, तेव्हा एका अनोळखी तरुणाने गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर तळहात ठेवला, जोराने दाबला आणि सोडून दिला. गाडी चार वेळा डुलली.

“परक्या गाडीला हात लावायची तुमच्या गावी पद्धत आहे का?” पुनमने विचारले.

“नाही... पण चांगली गाडी एकदाच वर येऊन स्थिरावते. तुमची अजून डुलतेच आहे. शॉकअप गेलेत. मागे बसणाऱ्याच्या पाठीचे हाल होत असतील.”

मागे बसणारे म्हणजे पुनमचे वडील, रुपचंदनाना. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर दणक्यांच्या धास्तीने त्यांनी गाडीत पाऊलच ठेवले नव्हते.

तो हितेंद्र, धुळ्याच्या आयटीआयमध्ये मोटार दुरुस्ती शिकवणारा. पुनम जळगावहून शेतांतले मातीचे नमुने गोळा करीत हिंडे. त्यामुळे एरंडोलचा चहा दर गुरुवारी होऊ लागला, आणि चहा निवेपर्यंत चाललेल्या गप्पांतून दोघांना जे कळायचे ते कळले.

अडचण एकच होती. नाना जुन्या वळणाचे. मुलीच्या बापाने स्वतः मुलाच्या उंबरठ्यावर जाऊन शब्द टाकावा, फोनवर सोयरीक होत नसते, हे त्यांचे ठाम मत. मुलगा धुळ्याचा आहे, एवढेच पुनमने त्यांना सांगितले होते. पाठ बरी झाली की जाऊ, असे ते म्हणत; आणि येत्या सोमवारी हितेंद्रच्या घरी दुसरे स्थळ येणार होते.

रविवारी सकाळीच हितेंद्र दोन नवे शॉकअप घेऊन जळगावला हजर झाला. ‘गाडीचे जाणकार’ एवढीच त्याची ओळख पुनमने करून दिली. नाना अंगणात खुर्ची टाकून बसले. एकच गळत असला तरी बदलायचे ते जोडीने, हे त्याने त्यांना अदबीने समजावले.

त्याचे काम पाहत राहावे असेच होते. नुसत्या जॅकवर तो विसंबला नाही. गाडीखाली टेकूला लोखंडी घोड्या लावल्या, पुढच्या चाकांना दगड दिले. गंजलेल्या नटाशी त्याने झटापट केली नाही. तेल सोडले आणि रुसलेल्या माणसासाठी थांबावे तसा थांबला. पाना परत देताना तो आधी पुसून देई, पुनमच्या बोटांना काळे लागू नये म्हणून. तिची नजर त्या हातांवरून हलेना.

चाके पुन्हा जमिनीला टेकली. खालचे दोन बोल्ट मात्र सैलच होते.

“हे राहिलं की,” ती हळूच म्हणाली. “विसरलात... की माझ्याकडे पाहत होतात?”

“पाहत होतो... पण विसरलो नाही. भार आल्याशिवाय ते आवळायचे नसतात. आतलं रबर पिळवटतं.”

“मग मी बसते.”

“तुमच्या भाराने भागायचं नाही,” असे म्हणून तो खुर्चीकडे वळला. “नाना, मागे बसाल का? जो बसणार, त्याच्याच भारावर आवळलेलं बरं.”

नाना काठी टेकत उठले आणि सावकाश मागच्या सीटवर बसले. हितेंद्रने गाडीखाली सरकून बोल्ट आवळले, बाहेर येऊन कोपरा दाबून सोडला. गाडी एकदाच वर आली... आणि स्थिरावली.

नाना खाली उतरले नाहीत.

“धुळ्याचा मुलगा तो तूच ना?” त्यांनी विचारले. “पोर दर गुरुवारी एरंडोलचीच माती आणते. तिथली माती काय दर आठवड्याला बदलते?”

पुनमने मान खाली घातली. हितेंद्रला काळे हात कुठे लपवावेत ते कळेना.

“आते बठ्ठं बराबर शे,” आता सगळं ठीक आहे, असे नाना सीटवर हात फिरवत अहिराणीत म्हणाले. “तू पुढे नीघ. ज्याला मागायला जायचं, तो हात धुऊन घरी बसलेला असावा. आम्ही येतोच मागून.”

त्याची मोटारसायकल कोपऱ्यावरून वळली. पुनमने गाडी काढली. गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आला, तिने धास्तावून आरशात पाहिले. नानांच्या कपाळावर एकही आठी नव्हती.

“जरा सावकाश चालव,” ते म्हणाले. “जावयाला अंघोळीपुरता वेळ मिळू दे.”