स्टेअरिंगवरची देवी

खर्ड्याचा किल्ला बघायचा, तिथून पार्थला जामखेडला त्याच्या घरी सोडायचं आणि परत तिसगावला यायचं, असा बेत चार दिवस शिजत होता. डबे भरून झाले होते, पाण्याचा जार डिकीत चढला होता आणि मनकर्णाआजी तर केव्हाची पुढच्या सीटवर जाऊन बसली होती. नेमका तेव्हाच पार्थचा चेंडू गाडीखाली गेला. दहा वर्षांचा पार्थ म्हणजे निकिताचा आतेभाऊ. हा मुलगा झोपतानासुद्धा चेंडू उशाशी घ्यायचा.

तो पोटावर सरपटत आत गेला आणि तिथूनच ओरडला, "मामा, टायरातून तारा बाहेर आल्यात!"

निकिताचे वडील काकासाहेब आधी हसले. पुढचे दोन्ही टायर पाडव्याला नवे घातलेले, त्याला अजून तीन महिनेही झाले नव्हते. मग ते स्वतः वाकले आणि त्यांचं हसू मावळलं. डावा टायर बाहेरून नवाकोरा दिसत होता, पण आतल्या कडेचं रबर पार घासून गेलं होतं आणि बारीक तारा वर आल्या होत्या. उजव्याचीही आतली कड गुळगुळीत झाली होती. मे महिन्याच्या उन्हात, तापलेल्या रस्त्यावर तो डावा टायर कधीही फुटला असता. बेत तिथंच मोडला. आजीनं स्टेअरिंगवरच्या देवीला हात जोडले आणि ती खाली उतरली.

काकासाहेबांचं तिसगावात बियाण्यांचं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता, पण चूक आपली असू शकते हा विचार त्यांच्या डोक्यात सगळ्यात शेवटी यायचा, आणि बऱ्याचदा तर यायचाच नाही. त्यांनी स्टेपनी चढवली, खराब टायर डिकीत टाकला आणि दोन्ही पोरांना घेऊन गाडी तडक स्टँडजवळच्या दिलावरच्या टायरच्या दुकानासमोर उभी केली. टायर त्यानंच घातले होते. दिलावरची मुलगी सिमरन निकिताच्या वर्गातली. पाचवीपासून दोघी एका बाकावर बसायच्या आणि आता आठवीतही बसायचं ठरलं होतं.

बाजाराचा दिवस होता, त्यामुळे गर्दीला बोलावणं धाडावं लागलं नाही. नवा म्हणून जुना टायर घातलास, असं काकासाहेब सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. दिलावरनं टायर उचलला आणि आतल्या कडेवरून तळवा फिरवला.

"टायर नवाच हाय, काकासाहेब. गाडी कुठं आदळली का?"

"कुठंही नाही."

टायर कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या साली बनला, त्याचे चार आकडे त्याच्या अंगावरच असतात. दिलावर ते दाखवायला लागला, पण काकासाहेबांनी तिकडे बघितलंच नाही. आकडे काय, कुणीही छापतं, असं ते म्हणाले. गर्दीतलं कुणीतरी मात्र वाकून आकडे वाचू लागलं, तशी त्यांची मान जरा खाली गेली. ती मान निकिताला बघवेना.

तिला कुणी विचारलं नव्हतं. तरी ती बोलली.

"पप्पा, मला सिमरननंच सांगितलंय. तिचे पप्पा जुन्या टायरांना काळं पॉलिश लावून नव्यासारखे करतात."

दसऱ्याला लोक गाड्या पूजेसाठी सजवतात, तेव्हा दिलावर गिऱ्हाइकांचे टायर धुऊन, पॉलिश लावून चकचकीत करून द्यायचा. सिमरननं हे मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. निकितानं तेवढंच उचललं आणि भलत्याच जागी नेऊन ठेवलं. गर्दीत कुजबुज झाली. टेम्पोची चाकं बदलायला थांबलेला एक माणूस नंतर येतो म्हणून निघून गेला. दिलावरनं टायर खाली ठेवला. हवा भरायच्या नळीशी सिमरन उभी होती. तिनं निकिताकडे एकदा बघितलं, नळी गुंडाळून खुंटीला अडकवली आणि ती आत गेली.

तिसगावात बातमीला चाकं लागत नाहीत, ती तशीच पळते. पुढचे दोन दिवस दिलावरच्या दुकानापुढे एकही गाडी उभी दिसली नाही. निकिता दुधाला जाताना वाट वाकडी करून मागच्या गल्लीनं जाऊ लागली. जेवताना आमरसाची वाटी तिनं तशीच सरकवली, तेव्हा पार्थनं ती स्वतःकडे ओढली आणि विचारलं, "ताई, नव्यासारखे करतात म्हणजे लोकांना फसवून विकतात, असं म्हणाली होती का ती?"

"गप बस आणि खा," निकिता म्हणाली. तिला स्वतःची इतकी लाज वाटत होती, की तिला त्याच्याकडे बघता येईना.

पार्थ गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. आमरस संपवून तो सरळ दिलावरच्या दुकानात गेला आणि अर्ध्या तासानं परत आला. टायर जुना असता तर सगळीकडून सारखा झिजला असता, असं सिमरननं सांगितलं होतं. फक्त आतली कड गेली म्हणजे चाक वाकडं चालतंय. टायरकडे बघत बसू नका, गाडी सरळ जाताना स्टेअरिंग सरळ राहतं का ते बघा, हा तिचा निरोप.

"आणि तुझ्यासाठी तिनं काहीच निरोप दिला नाही," त्यानं ऐकवलं.

दोघं अंगणात उभ्या गाडीत जाऊन बसले. पुढची चाकं नाकासमोर, अगदी सरळ होती. स्टेअरिंगच्या मधोमध मोहट्याच्या देवीचा चौकोनी फोटो चिकटवलेला होता, काड्यापेटीएवढा. पाडव्याला टायर घातले, दिलावरनं मशीनवर चारही चाकं सरळ करून दिली आणि घरी आल्यावर आजीनं तो स्वतःच्या हातानं लावला होता.

"देवी तर सरळ आहे," पार्थ म्हणाला. "स्टेअरिंगच वाकडं दिसतंय."

खरंच, फोटो सरळ होता आणि स्टेअरिंगच्या दांड्या उजवीकडे कलल्या होत्या. फोटोच्या कडेनं धुळीचा, जुन्या गोंदाचा आणखी एक चौकोन दिसत होता. फोटो आधी तिथं होता, दांड्यांशी बरोबर जुळवून लावलेला. निकितानं त्या चौकोनावरून बोट फिरवलं. पार्थनं विचारायच्या आधीच तिला सगळं कळलं होतं, कारण तो फोटो तिनंच हलवला होता.

एप्रिलमध्ये जामखेडचं लग्न उरकून ती आणि पप्पा परत येत होते. पप्पा मोबाईलवर बोलत होते. पाइपलाइनसाठी रस्त्यात खणलेला चर त्यांना दिसलाच नाही आणि गाडी धाडकन आदळली. त्यांनी उतरून बघितलं आणि परत येऊन बसले. काही झालं नाही, आजीला सांगू नकोस, उगाच बडबड करील, असं ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी आजी गाडीत बसली आणि देवी तिरकी दिसते म्हणून अस्वस्थ झाली. मग निकितानं कोमट पाण्यानं फोटो सोडवला आणि गोंद लावून सरळ बसवला. आजीनं त्याबद्दल तिच्या हातावर पेढा ठेवला होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! गाडी वाकडी झाली होती आणि सरळ केली ती देवी.

तिनं हे सगळं सांगताच पार्थ मामाकडे पळायला निघाला, पण निकितानं त्याचा शर्ट धरला. सांगून पप्पांना पटणार नव्हतं. ते परत 'कुठंही नाही' म्हणाले असते आणि दिलावरचाचांच्या नावाचं जे झालं ते तसंच राहिलं असतं. दोघांनी कोमट पाणी आणलं, फोटो हळूच सोडवला आणि धुळीच्या जुन्या चौकोनात परत बसवला.

सकाळी आजीला दवाखान्यात न्यायचं होतं; दोन्ही पोरं मागच्या सीटवर बसली. बाजाराच्या मोकळ्या मैदानातून गाडी निघाली आणि आजीचे हात सवयीनं जोडले गेले.

"काकासाहेब, देवी परत तिरकी झाली की रं."

"असू दे, आई. नंतर बघू."

"नंतर न्हाई. आधी देवी सरळ धर."

आईपुढे काकासाहेबांचं काही चालत नसे. त्यांनी देवी सरळ होईल इतकं स्टेअरिंग फिरवलं, आणि गाडी सावकाश डावीकडे निघाली. त्यांनी ती परत सरळ वाटेवर आणली, तर देवी तिरकी. आजीनं पुन्हा सांगितलं, देवी पुन्हा सरळ झाली आणि गाडी निंबाखाली बांधलेल्या शेळ्यांच्या रोखानं चालली. शेळ्यांनी आरडाओरडा सुरू केला. पार्थनं तोंडात रुमाल कोंबला. काकासाहेबांनी ब्रेक दाबला.

"देवी सरळ ठिवली की गाडी वाकडी," आजी सावकाश म्हणाली. "खरं सांग, कुठं आदळलास?"

"कुठंही..."

"जामखेडहून येताना, चरात." मागच्या सीटवरून निकिता बोलली. "मी गाडीत होते, आजी. देवी मी सरळ केली, म्हणून तुला कळलं नाही. आणि दिलावरचाचांबद्दल मी जे बोलले, ते खोटं होतं. सिमरन तसं म्हणालीच नव्हती."

काकासाहेबांनी आरशात मुलीकडे बघितलं आणि नजर खाली घेतली. मग ते म्हणाले, की संध्याकाळी दुकानात कुणी नसतं, तेव्हा जाऊन येऊ.

"बोलताना गर्दी चालली तुला," आजी म्हणाली. "आता दहाची एसटी लागायची येळ हाय. स्टँड भरलेला आसंल. चल."

स्टँड भरलेला होता. दिलावरच्या दुकानापुढे तेवढी जागा रिकामी होती आणि त्या रिकाम्या जागेत निकिता जाऊन उभी राहिली. सिमरन दारातच होती. निकिता ठरवलेली सगळी वाक्यं विसरली. मग तिनं जे झालं ते तसंच सांगितलं, मोठ्यानं. पॉलिशचं ती खोटं बोलली होती. टायर नवाच होता. गाडी आदळली होती आणि ते तिला माहीत होतं. एसटीसाठी थांबलेली माणसं वळून बघत होती. काकासाहेब मुलीच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"दिलावर, चूक माझी. पोरीच्या आधी मी बोलायला पाहिजे होतं."

दिलावरनं फडक्याला हात पुसले. असू द्या, होतं असं, असलं काही तो म्हणाला नाही. गाडी आत घ्या, एवढंच बोलला.

चाकाजवळचा एक दांडा वाकलेला निघाला. त्यानं तो बदलला, डाव्या चाकाला नवा टायर घातला आणि चाकांना मोजमापाचे आरसे लावून चाकं सरळ करायचं मशीन सुरू केलं. पडद्यावरचे लाल आकडे एकेक करत हिरवे झाले. मग त्यानं हवा तपासली, ती चारही चाकांत कमी होती. उन्हानं टायर फुगतो म्हणून काकासाहेब दर उन्हाळ्यात थोडी हवा सोडून देत.

"हे लई जण करत्यात आणि उलटं करत्यात," दिलावर म्हणाला. "हवा कमी आसली की टायर दबतो आन् जास्तच तापतो. सकाळी गाडी गार आसताना मोजायची, आन् दाराच्या कडंला कंपनीनं आकडा लिवलेला आसतो, तेवढी भरायची. गाडी आदळली तर त्याच दिशी घेऊन या. हा उजवा टायर अजून चालंल, आता पुढं तसा झिजणार न्हाई. पर झिजलंय ते काय परत येत न्हाई."

तो टायरबद्दलच बोलत होता. निकितानं मात्र मान खाली घातली.

आजीनं दोन्ही पोरांच्या पाठीवर हात फिरवला. पोरांनी शोधलं म्हणून जीव वाचले, असं तिनं स्टँडवरच्या लोकांना सांगितलं. पार्थनं ते कौतुक पूर्ण छाती फुगवून घेतलं. मोठ्या माणसाला अशी माफी मागता येत न्हाई, असं दिलावरसुद्धा म्हणाला. एरवी निकिताला आकाश ठेंगणं झालं असतं. आज तिला वाटलं, हे शब्द दुसऱ्या कुणासाठी आहेत आणि चुकून आपल्या हातात आलेत.

"देवी लाव आता," आजी म्हणाली.

फोटो सुटून पडला होता. निकिता गाडीत बसली, गोंद लावला आणि दोन्ही हातांनी फोटो दाबून धरला. स्टेअरिंग आता खरंच सरळ होतं. खिडकीशी कुणाची तरी सावली पडली. सिमरन होती. तिनं आत वाकून फोटोकडे बघितलं.

"तिरकी लागलीये," ती म्हणाली. "जरा डावीकडं घे."

निकिताच्या डोळ्यांत पाणी आल्यामुळे तिला नीट दिसत नव्हतं. तरी तिनं फोटो डावीकडे घेतला.