कोऱ्या कॅसेटी

वाटूरच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचे. पोरींच्या फुगड्या, टिपऱ्या आणि लेझीम बसवणं हे काम मला कुणी नेमून दिलेलं नव्हतं. पण स्नेहसंमेलन जवळ आलं की स्टाफरूममधल्या सगळ्या माना माझ्याकडे वळायच्या, कारण पेटी वाजवणारी मी एकटीच. वाजवते म्हणजे कामापुरती. कुणाकडे शिकलेली नाही. चाल जलद झाली की उजव्या हाताची बोटं धावतात आणि डावा हात भाता विसरतो.

नाचाची चाल ढोलकीशिवाय म्हणजे मिठाशिवाय वरण, आणि माझी ढोलकी राहायची पिंपळगाव रेणुकाईला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. मालनबाई तिचं नाव, तिथल्या उपकेंद्रात नर्स. साक्षरता अभियानाच्या कलापथकासाठी जालन्याला शिबिर भरलं होतं, तिथे आमची गाठ पडली. ठरलेला ढोलकीवाला आलाच नाही. सगळे एकमेकांची तोंडं बघत असताना ही पांढऱ्या साडीतली बाई उठली, पदर खोचला आणि ढोलकी मांडीवर घेऊन बसली. तिचे वडील तातेराव आंबेडकरी जलशात वाजवायचे. त्यांची एक सवय तिने उचलली होती. पेटीवाला चाल चुकून भरकटला, तर ढोलकीच्या लाकडावर बोटातल्या अंगठीने तीन टकटक द्यायची. मी इथं आहे, या, असा त्याचा अर्थ. पहिल्याच दिवशी मला ती टकटक इतक्यांदा ऐकावी लागली की शेवटी आम्ही दोघी हसत सुटलो.

अभियान संपलं, पण आमचं वाजवणं थांबलं नाही. मी पेटीवर चाल वाजवून कॅसेट भरायची. आमच्या शाळेतले एक सर जालन्याहून ये-जा करायचे, ते ती स्टँडवर पिंपळगावच्या गाडीचा कंडक्टर भुजंग याच्याकडे द्यायचे. मालनकडे दोन टेपरेकॉर्डर होते. एकावर माझी पेटी लावायची, सोबत ढोलकी वाजवायची आणि दुसऱ्यावर दोन्ही मिळून भरायचं. सेल उतरलेले असले की भरताना यंत्र हळू फिरायचं, मग नव्या सेलवर तीच चाल भरधाव सुटायची आणि सूरही चढायचा. पोरी म्हणायच्या, बाई, हीच ठेवा. ते का होतं हे मी त्यांना फळ्यावर आकृती काढून समजावलेलं आहे. कारण सापडेपर्यंत मला चैन पडत नाही, एवढं माझ्याविषयी लक्षात ठेवा.

घरात मी एकटी. मिस्टर लवकर गेले, मूलबाळ नाही. तिकडे कुणीतरी माझ्या सुरांची वाट बघतंय, एवढ्या आधारावर माझ्या संध्याकाळी निघायच्या. पेटी एकटीने वाजवायला मी फार भिते. ढोलकी नसली की घर किती रिकामं आहे ते ऐकू येतं.

एकदा टिपरीची चाल भरत होते. मधेच भाजीवाली दारात आली. मी हात थांबवला, "आज नको गं," म्हटलं आणि चाल पुन्हा धरली. परत कुठे भरत बसा, म्हणून तशीच पाठवली.

मालनची कॅसेट आली तिच्यात नुसतीच ढोलकी. पेटीचा एक सूरही नाही. तिच्या हातून काही राहिलं असेल म्हणून मी आपली पेटी काढून त्या ढोलकीबरोबर वाजवायला बसले. अगदी बरोबर बसत होती. मधे एका जागी ढोलकी एकदम मवाळ झाली, नुसता ठेका धरून राहिली आणि मग थाप मारून पुन्हा उसळली. मी भाजीवालीशी बोलले होते, ती ही जागा.

मग मी माझा टेपरेकॉर्डर तपासला. भरायचं बटण खाली जात होतं, चक्रं फिरत होती, पण कॅसेटवर काही उमटत नव्हतं. म्हणजे मी तिला कोरी कॅसेट पाठवली होती.

महिन्याच्या मीटिंगला ती जालन्याला आली तेव्हा स्टँडवर चहा घेताना मी विचारलं.

"ऐकू आली की, बाई," ती म्हणाली. "जराशी बारीक आल्ती. मला वाटलं, सेल गेले तुमचे."

"मालन, त्याच्यावर काही नव्हतंच."

तिने बशीत चहा ओतला, फुंकर घातली. "आसं कसं? तुमी मधी थांबल्या बी होत्या की. कोन आल्तं?"

घरी येऊन बटण दुरुस्त करून घेतलं.

कारण सापडत नव्हतं, म्हणून मी प्रयोग केला. पेटीवर काही न वाजवता, मनातसुद्धा कुठली चाल न आणता, नवी कोरी कॅसेट भुजंगकडे पोचवली. ती ढोलकीने भरून परत आली. पण ती माझ्या ओळखीच्या कुठल्याच चालीशी जुळेना. मला हायसं वाटलं. म्हणजे मागचा योगायोग होता आणि ही बाई मनाने काहीतरी वाजवते. कॅसेट मी कपाटात टाकून दिली.

महालक्ष्म्यांच्या दिवसांत पुरणाची डाळ वाटताना मला एक फुगडीची चाल सुचली. वरवंट्याच्या तालावरच सुचली. हात धुऊन पेटीवर बसवली आणि भरायला कपाटातली ती कॅसेट काढली. पुसण्याआधी सहज एकदा लावली.

ढोलकी सुरू झाली. मी पेटीवर हात ठेवला आणि चाल पहिल्या थापेपासून शेवटच्या तिहाईपर्यंत तिच्यात जाऊन बसली.

मी घाईने टेप बंद केला. पण खरं सांगायचं तर भीतीच्या आधी आनंद झाला होता.

याविषयी आम्ही दोघी फारसं बोललो नाही. कधी मी भरलेली कॅसेट पाठवायची, कधी कोरी. तिला फरक पडत नसे. पोरी नाचत होत्या, शाळेला ढाली मिळत होत्या. मी फळ्यावर आकृत्या काढत राहिले, फक्त ही एक सोडून.

पुढे एका उन्हाळ्यात मालनला कावीळ झाली आणि ती नुसती कावीळ नव्हती. मी जालन्याच्या दवाखान्यात गेले तेव्हा ती खाटेवर उशीला टेकून बसली होती, हळदीच्या अंगाची. अंगठी बोटात सैल झाली म्हणून तिला दोरा गुंडाळला होता. नवरा संपत खाली सतरंजीवर बसून मोसंबी सोलत होता. मी शाळेच्या गप्पा मारायच्या म्हणून ठरवून गेले होते. पण तिचे हात बघितले आणि माझा बांध फुटला.

"मालन, मी आता कुणासोबत वाजवू गं?"

"रडू नका, बाई. कोऱ्या कॅसेटी लावून द्या भुजंगसोबत. भेटतील तितक्या."

"आणि पेटी?"

"पेटी येईल की मागून. तिला काय जल्दी हाय?" तिने माझा हात धरला. तिचा हात गरम होता. "तुमाला एकटं वाजवू देनार न्हाई मी. बिलकुल न्हाई."

मी दुकानातला अख्खा खोका पाठवला.

दिवाळीनंतर संपत स्वतः वाटूरला आला. कापडी पिशवी माझ्यापुढे ठेवून खाली बसला. मी पाणी दिलं.

"शेवटी हातात जीव न्हवता, बाई," तो म्हणाला. "मी ढोलकी मांडीवर ठेवायचो, टेप चालू करायचो. बोटं नुसती हलायची. आवाज कायबी न्हाई. तरी बाजू सरली का म्हनायची, पलटवा."

"तुम्ही ऐकल्यात का या?"

"न्हाई. कोऱ्याच असतील. पर बाईला द्या म्हनली, म्हनून घिऊन आलो." मग त्याने एक कॅसेट वेगळी काढली. तिला मालनच्या केसांचं लाल रबर गुंडाळलेलं होतं. "ही समद्यात शेवटची, आसं सांगून राह्यली होती."

तो गेल्यावर मी एकेक लावून पाहिली. सगळ्या भरलेल्या होत्या. शिबिरातल्या पहिल्या दिवसासारखी तरणीबांड, खणखणीत ढोलकी. मी पेटीवर डोकं टेकून पोटभर रडले.

रबराची कॅसेट मी सगळ्यात शेवटी ऐकली. चाल कुठली ते ठाऊक नव्हतं, पण लय फार जलद, मला झेपणार नाही अशी. अर्ध्यावर आल्यावर ढोलकी मवाळ झाली. नुसता ठेका उरला. मग तोही थांबला.

टक टक टक.

नुसती कॅसेटची खरखर.

पुन्हा टक टक टक.

आणि मग कॅसेटमधून पेटी वाजू लागली. न अडखळता, ढोलकीच्या अंगाला अंग लावून. दर खेपेला भाता ओढला की मधे एक सुसकारा यायचा, लांब, आणि शेवटी उचकीसारखा तुटायचा.

ही माझी पेटी नव्हे, मी स्वतःला सांगितलं. माझा भाता धड आहे आणि इतकं जलद मला वाजवता येत नाही. संपतने चुकून कुणाची तरी भरलेली कॅसेट घेतली असेल आणि जुनं वाजवणं नीट पुसलं गेलं नसेल. असं होतं. याचं कारण फळ्यावर मांडता येतं. मी रबर परत गुंडाळलं.

मधे बरीच वर्षं गेली. चाली सुचत राहिल्या आणि प्रत्येकीची ढोलकी पिशवीत आधीपासून असायची. मी निवृत्त झाले. दुकानातून कॅसेटी गेल्या, पोरी मोबाइलवर नाचू लागल्या. तरी दोन-चार जणी येतात आणि म्हणतात, बाई, तुमची ती टिपरी लावा. मी लावते, सोबत वाजवते. घर रिकामं ऐकू येत नाही. मालनने शब्द पाळला.

पिशवीत आता चाल न सुचलेली अशी रबराची तेवढी उरली आहे.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत पेटी बाहेर काढली. उंदराने भाता कुरतडला होता, बोटाच्या पेराएवढं भोक. सहज एक सूर दाबला.

लांब सुसकारा आला आणि शेवटी उचकीसारखा तुटला.

मी ती कॅसेट लावली. पुन्हा लावली. मग दोन्ही आवाज शेजारी शेजारी ऐकले. या वेळी फळ्यावर मांडण्यासारखं काही सापडलं नाही, आणि मी शोधलंही नाही.

जालन्यात पेटी दुरुस्त करणारा आहे. सकाळच्या गाडीने नेली तर संध्याकाळी घरी परत. चामड्याच्या एका तुकड्याचं काम.

मी अजून नेलेली नाही.

काल वरण ढवळताना एक चाल सुचली. फार जलद. पळी ठेवून पेटीशी बसले. पहिली ओळ एका दमात निघाली, डावा हात भाता विसरला नाही.

दुसरी ओळ अजून यायची आहे. रबर काढून ठेवलं आहे.