कोठार वापरात आहे

उपासाची घंटा झाली, गाव गप्प झालं, आणि तरीही स्मृतिकोठार बंद व्हायला तयार नव्हतं. ‘कोठार वापरात आहे.’ पडद्यावर पुन्हा तीच ओळ. यामिनीने ओठ घट्ट मिटले. रागाने बोलायचं नाही, हा तिचा सोमवारचा नेम. आज तो फारच जड जात होता. शेवटी हात टेकून तिने गावाला जागं केलं.

विस्मृतीच्या साथीनंतर नवी गोष्ट माणसाच्या मेंदूत जेमतेम पाव तास टिके. कानामागचा मणी ती गोष्ट उचलून कोठारात, म्हणजे डोंगराच्या पोटातल्या यंत्रांत, ठेवी आणि हवी तेव्हा परत आणी. पण आठवण म्हणजे काही फडताळातलं भांडं नव्हे, काढलं आणि होतं तसं ठेवलं. दर खेपेला ती थोडी बदलते, नव्याने ठेवली जाते आणि जुनीचे तुकडे मागे पडतात. पूर्वी हा केर माणसाची झोपच झाडून टाकायची. कोठाराला झोप कुठली? कुणी ना कुणी सतत काहीतरी आठवतच असतं. म्हणून दर पंधरवड्याला अर्धा तास सगळ्यांचे मणी निजवायचे आणि तेवढ्यात झाडणी उरकायची. लोक याला आठवणींचा उपास म्हणत. अट एकच, एकही आठवण उघडी राहता कामा नये. एक जरी राहिली, तरी कोठाराचं दार लागत नाही.

यामिनी राखणदार म्हणून या गावात आल्यापासूनचे दोन्ही उपास असेच फुकट गेले होते. गेल्या खेपेला यामिनीने बापू गुरवांना चार लोकांत सुनावलं होतं, की बायकोची आठवण अर्धा तास बाजूला ठेवता येत नाही का. म्हातारा बिचारा मान खाली घालून ऐकत राहिला.

आता सिंधूवहिनी डोंगर चढून आल्या. उपासाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे असे. पदराने वारा घेत त्या म्हणाल्या, “आमच्या ह्यांनी सकाळपासून चारदा चहा घेतलाय. मोरीतले कप सांगतात. आठवत आम्हां दोघांनाही नाही.”

यामिनीला हसू आलं नाही. कोठार भरल्याची ती खूण होती. नवं ठेवायला जागाच उरली नव्हती. आज झाडणी झाली नसती, तर संध्याकाळपासून नवं जुन्यावर चढून ते पुसू लागलं असतं. मग पोरांना आया ओळखू आल्या नसत्या.

वहिनी सांगत होत्या, की दारोदार त्यांच्या खडूच्या खुणा आहेत, म्हणजे एकेकाचा मणी तपासलाय, बापूंचा तर दोनदा. मग एकदम थांबून त्यांनी विचारलं, “आणि तुझा गं?”

“राखणदाराचा जागाच लागतो, वहिनी. झाडणी कशी करायची, ते मला नको आठवायला? ती एक आठवण मण्यातच असते, कोठारात नाही.”

“तेवढंच आठवतेस ना?”

हो म्हणायला यामिनीने तोंड उघडलं, आणि तिची नजर जेवणाच्या पिशवीतल्या छोट्या डबीवर गेली. डबीत गूळखोबरं होतं. रेणूचं.

रोज पहाटे दिवा लावला की रेणूचा सगळा सहा वर्षांचा जन्म मनात फिरवायचा आणि दिवसभर तिला सोडायचं नाही, हा यामिनीचा सगळ्यांत मोठा नेम. रोज आठवून आठवून लेकीचं सगळं एकाच गाठोड्यात बांधलं गेलं होतं. ते गाठोडं तिने कधी खाली ठेवलंच नव्हतं.

तिने डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. रेणूला बाजूला सारायला गेली, तर ती गळ्यातच पडली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. बापूंचं कसं झालं असेल, ते तिला आत्ता कळलं.

कोठार जबरीने बंद करता येत होतं. मात्र त्या क्षणी जे उघडं असेल, ते तुटून केरात जाणार होतं.

तिने वहिनींना सगळं सांगितलं. समोरचे पडलेले दोन दात, मांजरीचं ठेवलेलं नाव, तापातले शेवटचे दिवस. या गावात रेणूला पाहिलेलं दुसरं कुणीच नव्हतं. वहिनी पदर डोळ्यांना लावून ऐकत राहिल्या.

“उपास सुटला की पहिलं हेच तुला सांगते. देवाशपथ.”

यामिनीने मान हलवली. ही शपथ ठेवायलाही कोठारात जागा नाही, हे ती बोलली नाही. तिने घंटा दिली, वहिनींचा मणी निजवला आणि जबरीची कळ दाबली.

दार लागलं.

अर्ध्या तासाने पडद्यावर ओळ आली. ‘झाडणी पूर्ण.’

“सुटलो एकदाचे,” वहिनी म्हणाल्या. “पण तुझे डोळे का गं ओले?”

“तुमचेही आहेत की. धूळ असेल.”

दोघी हसल्या. यामिनीला फार दिवसांनी हलकं वाटत होतं; आपण कोणता तरी नेम मोडला, एवढीच बारीक रुखरुख. जेवायला पिशवी उघडली, तर हाताला डबी लागली.

“आज गूळखोबरं कुणासाठी घेतलं मी, कोण जाणे. घ्या, वहिनी.”

वहिनींनी एक तुकडा तोंडात टाकला. “छान आहे. उद्याही आण.”